लोढणं

अमेरिकेत येऊन दोन-तीन वर्षं झाली की मराठी माणसाला एक खोड लागते. समोरच्या माणसाबद्दल त्याच्या तोंडावरच मराठीत बोलायची. दुकानात रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईंचं सुट्या पैशांचं पुराण कधी संपणार, लिफ्टमधल्या गृहस्थांनी अत्तराची अख्खी बाटली अंगावर उपडी केली आहे का, शेजाऱ्यापेक्षा शेजाऱ्याचा कुत्रा कसा देखणा आहे, हे सगळं आपण हसऱ्या चेहऱ्यानं खुशाल बोलत असतो. इथं कोणाला कळतंय! हिंदी बोलणाऱ्यांना ही चैन परवडत नाही, कारण हिंदी समजणारा कुठेही निघू शकतो. मराठी मात्र पूर्ण सुरक्षित, अशी माझी ठाम समजूत होती. त्यातून माझी जीभ लहानपणापासूनच जरा लांब.

ती समजूत कशी मोडली हे मी आजवर कोणाला नीट सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं, पण तेही सोयीचं तेवढंच. सांगायला लागले की अजून कान तापतात.

वीसेक वर्षं झाली असतील. आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहत होतो. नवरा गाड्यांच्या कंपनीत होता. मीही इंजिनियर, पुण्यात शिकलेली, चिंचवडच्या एका कारखान्यात मशीन शॉपवर पुरुषांच्या बरोबरीनं उभी राहिलेली. पण माझा व्हिसा नवऱ्याच्या जिवावरचा, त्यावर नोकरी करता येत नव्हती. दिवसभर घरात बसून मी भांड्यांच्या कपाटाच्या बिजागऱ्या घट्ट करायचे, सैल करायचे. मग मुलगी हायस्कूलमध्ये गेली आणि शाळेच्या रोबो टीममध्ये शिरली. टीमला मदत करायला मोठी माणसं हवी होती. फुकट काम करायला व्हिसा लागत नाही. मी दुसऱ्याच दिवशी ओठावर लिपस्टिक आणि पर्समध्ये व्हर्नियर कॅलिपर घेऊन हजर झाले.

पण मला खरी लॉटरी लागली ती वेगळीच. माझी मुलगी मराठी बोलायची नाही. तिला सगळं कळायचं, पण मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता होता. "जेवलीस का?" "याह." रविवारच्या मराठी शाळेत ती बाराखडी शिकली, तीही मी गाडीत कोंबून नेत होते म्हणून. तिच्या मराठीवर मी मनातून पाणी सोडलं होतं. आपली भाषा आपल्याबरोबर संपणार, असं समजून चालले होते, आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं.

आणि मग या रोबोच्या स्पर्धेत तिला अचानक मराठीचा उपयोग सापडला. तिथे एका मोठ्या हॉलमध्ये प्रत्येक टीमला आपला रोबो ठेवायला आणि दुरुस्त करायला एकेक गाळा देतात. त्याला पिट म्हणतात. पिटमध्ये सतत दुसऱ्या टीमची पोरं येणार, वाकून बघणार, प्रश्न विचारणार. अशा वेळी आपल्या रोबोचं काय बिघडलंय हे उघड बोलायची सोय नसते. पहिल्याच स्पर्धेत आमच्या रोबोच्या हाताची साखळी सैल झाली होती, आणि शेजारी तीन परके उभे असताना माझी लेक शांतपणे म्हणाली, "आई, साखळी गेली. कोणाला सांगू नको." मी पाना हातात धरून तशीच उभी राहिले. इतकं लांब आणि स्वच्छ मराठी वाक्य तिच्या तोंडून मी ऐकलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मराठी ही आमच्या टीमची गुप्त भाषा झाली. बाकीच्या पोरांनाही गंमत वाटायला लागली. गोरी, काळी, चिनी, सगळी पोरं मैदानाच्या कडेनं "मागे! मागे!" आणि "डावीकडे!" असं ओरडायची. आमचा एक उंच मुलगा 'थांब' ऐवजी 'तांब' म्हणायचा. घरी येताना गाडीत मुलगी मला शब्द विचारायची. चिमटा कशाला म्हणतात, रुसलेल्या मोटरला काय म्हणायचं. मी हवेत होते. आम्ही दोघी हॉलभर फिरायचो, प्रत्येक रोबोसमोर उभं राहून गोड हसायचो आणि मराठीत त्याची यथेच्छ निंदा करायचो. आता आठवलं की कळतं, मी तिला मराठीतून निंदाच शिकवत होते. तेव्हा मला वाटत होतं मी तिला मराठी शिकवतेय.

आता स्पर्धा कशी असायची ते सांगते, नाही तर पुढचं समजायचं नाही. त्या सुरुवातीच्या वर्षांत मैदानावर एका वेळी चार रोबो असायचे, दोन विरुद्ध दोन. त्या वर्षी मोठे चेंडू उचलून उंच टोपलीत टाकायचे होते. पहिले दीड-दोन दिवस कोण कोणाचा जोडीदार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरायचं, आज जो तुमच्याबरोबर तो तासाभरानं तुमच्याविरुद्ध. त्यातून गुणांप्रमाणे रांग लागायची. मग शनिवारी दुपारी वरच्या आठ टीम कॅप्टन व्हायच्या आणि बाकीच्यांतून आपापले दोन-दोन साथीदार निवडायच्या. तीन टीमचा एक अलायन्स. मी त्याला सरळ युती म्हणायचे. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला युती म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. या आठ युत्यांमध्ये बाद फेरी व्हायची, तीनपैकी दोन सामने जिंकेल ती युती पुढे.

गंमत अशी, की युतीत टीम तीन आणि मैदानात रोबो दोनच. म्हणजे दर सामन्याला कोणीतरी एक बाहेर बसणार. पहिल्या दोन सामन्यांत प्रत्येकाला निदान एकदा तरी खेळवायचं, असा नियम होता. तिसऱ्या सामन्याला मात्र कोण बसणार हे युतीनं आपसांत ठरवायचं, आणि शेवटचा शब्द कॅप्टनचा.

आमच्या रोबोला लांबलचक हात होता. ॲल्युमिनियमचा, दोन सांध्यांचा, टोकाला चेंडू धरायचा पंजा. त्यातला खांद्याचा सांधा माझ्या डोक्यातून निघालेला. त्या हाताचा मला फार म्हणजे फारच अभिमान होता. सगळ्या हॉलमध्ये आमच्याइतका देखणा रोबो नव्हता, असं माझं मत होतं आणि ते मी मराठीत सर्वांना ऐकवत होते.

याउलट आमच्या समोरच्या पिटमध्ये एक काळा ठोकळा होता. मिशिगनच्या उत्तरेकडच्या शेतीच्या भागातली लहानशी शाळा, टीममध्ये मोजकी पोरं, सगळी टोप्या घातलेली. रोबो म्हणजे काळ्या लोखंडी पट्ट्यांची बसकी पेटी, खाली जाडजूड चाकं. हात नाही, पंजा नाही, काही नाही. मैदानात जायचा, दुसऱ्याच्या वाटेत जाऊन बसायचा आणि हलायचा नाही. त्यांच्याबरोबर एक गोऱ्या वृद्ध बाई होत्या, निवृत्त गणिताच्या शिक्षिका. पांढरे कापलेले केस, पायात बर्फातले बूट, गळ्यात टीमचा मफलर.

शुक्रवारी सकाळी मी आणि मुलगी पिटमध्ये हाताला ग्रीस लावत होतो. मी अखंड बोलत होते. त्या बाई समोरून उठल्या आणि आमच्याकडे आल्या. चांगल्या तोंडभर हसत आल्या. मला वाटलं, आली ही युतीचा वशिला लावायला.

मी मान वर न करता लेकीला म्हणाले, "ही त्या ठोकळ्यावाल्यांची म्हातारी. आता चिकटणार बघ. उद्या ते लोढणं आपल्या गळ्यात बांधून घ्यायचं नाही हं. हसून दाखव आणि वाटेला लाव."

आणि मग मान वर करून मी स्वतःच हसून दाखवलं.

बाई तिथेच थांबल्या. त्यांचं हसू अर्धवट राहिलं, पण पुसलं गेलं नाही. त्यांनी आमच्या रोबोच्या हाताकडे बघितलं, खांद्याच्या सांध्याला बोट लावलं, "दॅट्स अ लव्हली आर्म," म्हणाल्या आणि परत आपल्या पिटमध्ये जाऊन बसल्या. मुलीनं विचारलं, "लोढणं म्हणजे काय?" मी सांगितलं, "बिनकामाचं ओझं." पुण्यात वाढलेल्या मला त्या शब्दाचा तेवढाच अर्थ माहीत होता.

शनिवारी दुपारी निवडीची वेळ आली. सगळ्या टीमचा एकेक मुलगा किंवा मुलगी मैदानावर जाऊन उभी राहिली. आमच्याकडून माझी लेक. आमचा नंबर वरच्या आठात नव्हता, थोडक्यात हुकला होता, पण आमचा हात बघून पहिल्या तिघांपैकी कोणीतरी उचलणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पहिल्यांनी दुसऱ्याच कोणाला तरी उचललं. वरच्या टीमनी आपसांतच एकमेकांना निवडलं तशी रांग पुढे सरकली, आणि आमच्या जेमतेम पुढे असलेला तो काळा ठोकळा सरकत सरकत आठवा कॅप्टन झाला. तोवर आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. मी स्टँडमध्ये बसून एकेकाच्या अकलेचा उद्धार करत होते.

मग त्या टोपीवाल्या पोरांचा कॅप्टन, शेवटच्या वर्षातला, खांद्यानं रुंद मुलगा, माइकपाशी गेला आणि त्यानं आमच्या टीमचा नंबर पुकारला.

नियम असा, की बोलावणं आल्यावर नाही म्हणता येतं. पण एकदा नाही म्हटलं की मग दुसऱ्या कोणालाही तुम्हाला घेता येत नाही, सरळ घरी. मुलीनं स्टँडकडे बघून मला शोधलं. मी कपाळावर हात मारला आणि मान हलवून हो म्हटलं. तिनं जाऊन त्या मुलाशी हात मिळवला. तो इतका खूश झाला की त्यानं टोपीच काढली. दुसऱ्या फेरीत त्यांनी आणखी एक टीम घेतली, पहिल्यांदाच आलेली, त्यांचा रोबो छोटा आणि चपळ.

आठव्या युतीची पहिली गाठ पहिल्या युतीशी. त्यांचा मुख्य रोबो त्या हॉलमधला दादा होता, वेगवान आणि बेगुमान, समोर येईल त्याला ढकलून देणारा. पहिल्या सामन्याला ठोकळा आणि आमचा रोबो उतरले. ठोकळा जाऊन त्या दादाला चिकटला. त्यानं मागे घेतलं की हा मागे, तो वळला की हा वळला. तेवढ्या वेळात आमचा हात आरामात चेंडू उचलत राहिला. आम्ही जिंकलो. अख्खा हॉल उभा राहिला. मी म्हटलं, बघा माझा सांधा!

दुसऱ्या सामन्यात नियमाप्रमाणे तिसऱ्या टीमला खेळवायचं होतं. आमच्या हाताची मोटर तापली होती, म्हणून आम्ही बसलो आणि ठोकळा त्यांच्याबरोबर गेला. दोघांनाही उंच टोपली गाठता येत नव्हती. अर्थातच हरले. मी मशीन शॉपवर वर्षं काढलेली बाई, दोन्ही सामने डोळ्यांसमोर झालेले. ठोकळ्यानं दादाला धरून ठेवला म्हणून आमचा हात चालला, एवढी साधी गोष्ट मला दिसायला हवी होती. मला दिसलं ते एवढंच, की आमचा हात होता तेव्हा जिंकलो, नव्हता तेव्हा हरलो. मग ठोकळा हवाय कशाला?

तिसऱ्या सामन्याआधी थोडी विश्रांती होती. मैदानाच्या कडेला तिन्ही टीमची पोरं घोळका करून उभी होती, मागे आम्ही मोठी माणसं. त्या रुंद खांद्यांच्या मुलाचं म्हणणं, पहिल्या सामन्याला उतरलो तसंच उतरू, त्यांचा रोबो आणि आमचा. आमच्या पोरांना ते पटत होतं. मुलगीही मान डोलवत होती. मला राहवेना. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि नेहमीसारखं, चेहऱ्यावर हसू ठेवून, मराठीत सुरू केलं.

"त्यांना बाहेर बसव. नव्या टीमला घे, ते चपळ आहेत. पण गोड बोल हं. म्हणावं, तुम्ही दोन्ही सामने खेळलात, दमला असाल, तुमच्यामुळेच तर इथवर आलो. थोडी हवा भर म्हणजे बसतील. ते लोढणं घेऊन गेलो तर बुडालोच."

मुलगी काही बोलायच्या आत माझ्या उजव्या बाजूनं आवाज आला.

"गोड बोलायला नको, बाई. बसतो की आम्ही."

मला आधी कळेचना कोण बोललं. इतकं मराठी होतं ते. पुण्याचं नाही, सांगली-कोल्हापूरकडचं, शेवटचा 'की' जरा ओढून म्हटलेला. मी वळून बघितलं तर त्या पांढऱ्या केसांच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी आपल्या कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत सांगितलं, की यांना नव्या टीमबरोबर खेळायचंय, त्यांना त्यांच्या रोबोची जास्त माहिती, तेव्हा आपण या वेळी बसू या. पोरगा गोंधळला. त्यानं एकदा मैदानाकडे बघितलं, एकदा बाईंकडे. शब्द त्याचा होता, पण त्यांचं त्यानं कधी मोडलं नसावं. "ओके," म्हणाला.

माझ्या हातात अजून वेळ होता. फार नाही, पण पुरेसा होता. 'नको, चुकलं माझं, तुम्हीच खेळा,' एवढंच म्हणायचं होतं. ते मराठीतच म्हणावं लागलं असतं, आणि मराठीत म्हटलं असतं तर शुक्रवारपासून मी जे जे बोलले ते सगळं त्यांच्या कानात गेलंय हे कबूल केल्यासारखं झालं असतं. माझी जीभ, जी कधी अडत नाही, ती टाळूला चिकटली. आणि मग मी जे केलं त्याची मला त्या सगळ्या बोलण्यापेक्षाही जास्त लाज वाटते. मी त्यांना इंग्रजीत "थँक यू" म्हणाले. जणू त्या मराठीत बोललेल्याच नाहीत.

मुलीनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ती रोबोच्या मागे गेली.

तिसरा सामना सुरू होताच दादा मोकळा सुटला. अडवायला कोणी नव्हतंच. त्यानं सरळ येऊन आमच्या रोबोला कुशीत धडक दिली, आमचा उंच हात वर उचललेला, तोल गेला आणि सगळं धूड आडवं झालं. माझा देखणा सांधा मैदानावरच्या गालिच्यावर पडून हवेत गोल गोल फिरत राहिला. छोटा चपळ रोबो बिचारा एकटाच धावत होता. बाजूला ढकलगाडीवर काळा ठोकळा ठेवलेला, आणि त्याच्याभोवती ती टोपीवाली पोरं. आम्ही पडलो तरी ती आमच्यासाठी टाळ्या वाजवत होती. त्यांतली निम्मी शेवटच्या वर्षातली होती. त्यांचा शेवटचा सामना त्यांनी बाहेर उभं राहून बघितला, आणि तो मी त्यांच्या हातातून गोड हसून काढून घेतला होता.

आवराआवर करताना मुलगी माझ्याशी बोलत नव्हती. समोरच्या पिटमधली पोरं सामान बांधत होती. शेवटी ती खोक्याला टेप लावता लावता म्हणाली, "गो टॉक टू हर." मी म्हटलं, "काय बोलू?" ती म्हणाली, "आय डोन्ट नो. यू ऑल्वेज हॅव समथिंग टू से."

मी गेले. बाई बाहेर, सामान चढवायच्या दारापाशी एका पेटीवर बसल्या होत्या. दार उघडं होतं, बर्फ भुरभुरत होता, त्यांची पोरं ठोकळा ट्रकवर चढवत होती. मी समोर जाऊन उभी राहिले आणि मराठीत म्हणाले, "चुकलं माझं."

"बसा की," त्या म्हणाल्या आणि सरकल्या.

त्यांनीच सांगितलं. वडील मिशनच्या दवाखान्यात डॉक्टर, सांगलीच्या बाजूला एका खेड्यात. जन्म तिथलाच, मोठी होईपर्यंत तिथेच, सगळं खेळणं-भांडणं मराठीत. त्यांच्या बहिणीशी त्या मराठीत बोलायच्या, फोनवर, नवऱ्यांना कळू नये म्हणून. हे सांगताना त्या हसल्या. बहीण वारल्यापासून बोलणं बंद झालं होतं. तिकडच्या बायका बोलतात तशा त्या 'मी गेलो', 'मी आलो' म्हणत होत्या. पुण्यात असते तर मी त्यावरही हसले असते.

"आणि लोढणं बरोबरच म्हटलात तुम्ही," त्या म्हणाल्या. "आमच्या गावात होतं ना. ओढाळ गाय असली, दुसऱ्याच्या रानात घुसत असली, की तिच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधायचे. पळायला लागली की पायात येतो. या पोरांनी तेच केलंय की. दुसऱ्याच्या गळ्यात पडायचं यंत्र."

"मग तुम्ही शुक्रवारीच का नाही बोललात?" मी विचारलं. "दोन शिव्या तरी घालायच्या होत्यात."

त्यांनी मफलरवरचा बर्फ झटकला.

"शिव्या घालायला नव्हतो आलो मी," त्या म्हणाल्या. "मराठी कानावर पडलं म्हणून आलतो. म्हटलं, दोन शब्द बोलावं."

ट्रकचं दार लागलं आणि पोरांनी त्यांना हाक मारली.

घरी येताना मी गाडीत मुलीला काहीतरी मराठीत विचारलं, भूक लागली का असं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आय ॲम फाइन." त्या दिवसापासून तिचं मराठी बंद झालं. मी विनवलं, चिडले, शब्दांचे खेळ काढून बघितले. एकदा रागानं म्हटलं, "मराठीनं तुझं काय घोडं मारलंय?" तर ती शांतपणे म्हणाली, "इट्स द लँग्वेज यू आर मीन इन." म्हणजे, तू जिच्यात दुष्टपणानं बोलतेस ती भाषा. तिनं माझ्या तोंडून जे मराठी ऐकलं होतं, त्यावरूनच ती बोलत होती. पोरांनीही मैदानात 'मागे, मागे' ओरडायचं सोडून दिलं. मुलीनं त्यांना काय सांगितलं मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी त्याच हॉलमध्ये स्पर्धा होती. मी आत शिरताना आधी पांढरे केस शोधले. दिसले नाहीत. टोपीवाल्या पोरांपैकी एकानं सांगितलं, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, घरी आहेत. हे ऐकून मला हायसं वाटलं. माणसाच्या ऑपरेशननं आपल्याला हायसं वाटतं, तेव्हा आपण कुठवर उतरलो आहोत हे कळायला आरसा लागत नाही.

त्यांचा रोबो या वर्षीही काळा, बसका, तसाच ठोकळा. पण त्याच्या एका कुशीवर पांढऱ्या रंगात काहीतरी रंगवलेलं होतं. अक्षरं वाकडीतिकडी, शिरोरेषा पट्टी ठेवून आखलेली. जवळ गेल्यावर वाचता आलं.

'लोढण'.

"तुम्ही ट्रॉयच्या ना?" तो मुलगा इंग्रजीत म्हणाला. नवा कॅप्टन होता, मागच्या वर्षी कोपऱ्यात टाळ्या वाजवणाऱ्यांपैकीच एक. "आमच्या बाईंनी सांगितलं, तुमच्या टीममधल्या एका इंडियन लेडीनं हे नाव दिलं. त्या तुम्हीच का? बाई म्हणाल्या, भारतात हा खूप जुना शब्द आहे, जो कोणाला पळून जाऊ देत नाही त्याला म्हणतात. वी लव्ह इट." त्यानं हात पुढे केला. मागची पोरंही पुढे आली, मला बघायला. एकानं विचारलं, "बाईंनी फोनवर सांगून सांगून अक्षरं काढून घेतली. बरोबर आलंय का?"

मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती आता शेवटच्या वर्षात होती. तिला सगळं ठाऊक होतं, मी तो शब्द कसा म्हटला होता, किती हसून म्हटला होता. मी काय उत्तर देते याची ती वाट बघत होती, हे मला तिच्याकडे न बघता कळत होतं. मी तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं मला, की मी ते नाव दिलं नव्हतं, मी तुमचा अपमान केला होता आणि तुमच्या बाईंनी तो धुऊन तुम्हाला घातलाय. पण त्या पोरांचे चेहरे इतके खूश होते की ते सांगणंही मला माझीच सोय बघितल्यासारखं वाटलं. मी त्या मुलाचा हात हलवत राहिले.

तेव्हा मुलगी खाली वाकली. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं, एकेक करून, रविवारच्या शाळेत शिकली होती तसं. शेवटच्या अक्षरापाशी थांबली. मग वर्षभरात पहिल्यांदा, त्या सगळ्यांच्या देखत, ती माझ्याशी मराठीत बोलली.

"आई," ती म्हणाली, "वरचं टिंब राहिलंय. तू दे."

त्या मुलानं पांढऱ्या रंगाची डबी आणि ब्रश आणून दिला. मी गुडघ्यावर बसले आणि 'ण'वर टिंब दिलं. ते जरा मोठंच आलं.